प्लायवूडचा घोडा आणि साडेअठ्ठावीस इंच

पुरुष माणूस वय खरं सांगतो. पगार विचारला तर घुटमळत का होईना, जवळपास खरा सांगतो. पण जांघेपासून जमिनीपर्यंत पाय किती लांब, असं विचारलं की तो हमखास दोन इंच वाढवून सांगतो. ही तक्रार नव्हे. बावीस वर्षं माझं घर ह्या दोन इंचांवरच चाललं आहे.

नवी मुंबईतल्या शिरवण्यात माझा गाळा आहे आणि मी मोटारसायकलच्या सीटा शिवते. दुकान मूळ सासऱ्यांचं, रिक्षाचे हूड आणि सीटा शिवायचं. ते गेले तेव्हा आमचे हे तळोज्याच्या एका कंपनीत फिटर होते. मशीन गंजून जाईल म्हणून मी तात्पुरती बसले. तोवर मी फक्त ब्लाउज शिवत होते. पण माप ते माप, आणि रेक्झिन निदान 'दंडात घट्ट झालं' म्हणून परत येत नाही. त्या 'तात्पुरती'ला आता बावीस वर्षं झाली. रोज सकाळी नावड्याहून स्कूटीने येते. माझी उंची चार फूट अकरा, त्यामुळे सिग्नलला थांबायचं तर मी आधी फूटपाथची कड शोधते. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे मी इतरांच्या पायांबद्दल बरंच बोलणार आहे.

पहिली सुपरबाइकची सीट आली तो दिवस आठवतो. काखेत सीट मारून एक जाडजूड जाकीटवाला मुलगा दारात उभा.

"काकू, काका कुठायत?"

"कंपनीत."

"मग सीटचं काम..."

"ती सीट इकडे दे, आणि चपला बाहेर काढ."

त्याने दिलेली सीट उसवून पाहिली तर आत काय, फोमच. रिक्षात असतो तोच, फक्त शिकलेला. काम सांगायला सोपं आहे. वरचं कव्हर काढायचं, फोम हवा तिथे कापायचा, हवा तिथे भरायचा, घासून गुळगुळीत करायचा आणि कव्हर ताणून परत ठोकायचं. फोम कापणं केस कापण्यासारखं असतं. फरक एवढाच, की केस परत येतात.

आणि लोक सीट कापून का घेतात? पाय टेकावेत म्हणून. ह्या गाड्या गोऱ्या लोकांच्या तंगड्या डोळ्यांसमोर ठेवून बनवलेल्या. धावत्या गाडीवर कुणीही राजा असतो. खरी परीक्षा गाडी उभी असताना: सिग्नलला, पेट्रोल पंपावर, सोसायटीच्या गेटच्या चढावर. दोनशे किलोची गाडी चार बोटं कलली आणि पाय जमिनीला पोचला नाही, की मग देवही धरत नाही. माझ्या गिऱ्हाइकांकडून मी एक गोष्ट शिकले. धावत्या गाडीवरून पडलेला माणूस प्लास्टर मिरवतो. उभ्या गाडीवरून पडलेला माणूस ग्रुप सोडतो.

म्हणून आधी माप. गिऱ्हाईक भिंतीला पाठ लावून उभं राहतं. लेकीचं दहावीचं विज्ञानाचं जाडजूड गाइड दोन पायांमध्ये घट्ट वर ओढून धरतं. गाइडची वरची कड भिंतीला जिथे लागते तिथे पेन्सिलीने खूण. ह्या वेळात मी दाराकडे तोंड करून उभी असते आणि रस्त्यावरचं काहीतरी फार मन लावून बघते. मग टेप लावते. आकडा ऐकून बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "टेप जुनी आहे का काकू?"

तो आकडा एका निळ्या वहीत जातो. ती वही मी कुणाला दाखवत नाही. आमच्या ह्यांनाही नाही. डॉक्टर आणि वकील गुप्ततेचं फार बोलतात, पण त्यांना कुठे तीसचे बत्तीस सांगणारी माणसं सांभाळावी लागतात?

गाळ्याबाहेर चहाची टपरी आहे. रविवारी पहाटे दहा-बारा जणांचा ग्रुप पाम बीच रोडवर गाड्या फिरवून आठला तिथे येतो. वाटेल, आपल्या गाड्यांबद्दल बोलत असतील. छे. बोलणं सगळं न आलेल्या गाड्यांवर. परदेशात कुठेतरी पडद्यावर नवं मॉडेल दाखवलं, की इथे कटिंग हातात घेऊन त्याची कुंडली मांडली जाते. निखिल नावाचा एक कॉम्प्युटरवाला मुलगा आहे, त्याने तर मोबाइलवर तक्ताच केला होता. ह्याची ताकद त्याच्यापेक्षा सात घोडे जास्त, पण त्याचा आवाज गोड. ह्याचा दिवा नाकेला, त्याचे डोळे रागीट. आपल्याकडे येणारं मॉडेल तेच असेल की काही काढून घेतील? एकदा आमचे हे ऐकत बसले होते. घरी येऊन म्हणाले, "लग्न ठरवताना एवढं पाहिलं असतं तर!"

"तर मी तुमच्या वाट्याला आले नसते," मी म्हटलं.

ह्या सगळ्या पंचायतीतला शेवटचा शब्द सावंतांचा. सावंत कणकवलीकडचे, वय छप्पन, एपीएमसीच्या कांदा-बटाटा मार्केटात तोलणार. म्हणजे गोणी काट्यावर आली की वजन मोठ्याने बोलणारे. हाडकुळा, बुटका, हाफ शर्टातला माणूस. जगातल्या प्रत्येक सुपरबाइकचं वजन, उंची, टाकी, टायर सगळं तोंडपाठ. वजन मात्र आपल्या पद्धतीने सांगायचे.

"एकशे पंच्याण्णव किलो. म्हणजे कांद्याच्या चार गोणी, थोड्या कमी भरलेल्या."

ग्रुपमधल्या निम्म्या लोकांनी सावंतांना विचारून गाड्या घेतल्या होत्या. सावंत स्वतः अकरा वर्षं एका करड्या स्कूटरवर येत होते. स्कूटर जरा लांब, रिक्षांच्या मागे लावायचे आणि चालत यायचे.

आणि दुसरे भोईरशेठ. शिरवण्याचेच, माझ्या गाळ्याचे मालक. तीन मजली घर, दोन टँकर, गळ्यात चेन, बोली आगरी, 'ड'चा 'र' आणि 'ळ'चा 'ल' करणारी, आणि आवाज खाडीच्या पलीकडे जाईल असा. सावंतांच्या वयाचे आणि सावंतांच्याच उंचीचे. पण रुंदीला दुप्पट, त्यामुळे ही गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाही.

गेल्या साली एक इटालियन मॉडेल पडद्यावर दिसलं. लाल रंगाचं, म्हणून ग्रुपने तिचं नाव ठेवलं तांबडी. सुपरबाइकांमध्ये धाकटी, पण नखरा थोरलीचा. त्या रविवारी सावंतांनी सगळी माहिती सांगितली, चहाचा ग्लास ठेवला आणि शेवटी अगदी हळू म्हणाले, "मी बुक केली."

टपरीवाल्याने दूध उतू घालवलं. अकरा वर्षं ज्या माणसाने दुसऱ्यांच्या गाड्या तोलल्या, त्याने स्वतःसाठी एक उचलली होती. घराचं कर्ज फिटलं होतं, मुलगी नोकरीला लागली होती, आणि बायको म्हणाली होती, "आता घ्या एकदाची, नाहीतर मरताना मला मॉडेलचं नाव सांगत बसाल."

"मंग मी पन घेतो," भोईरशेठ म्हणाले. "सावंतची निवर हाय, म्हंजे चांगलीच असनार."

आता घोडा कसा आला ते सांगते. गाडी यायला चार-पाच महिने. शोरूममध्ये बसून बघायलासुद्धा नाही. नुसता आकडा: सीटची उंची सातशे पंच्याण्णव मिलिमीटर, म्हणजे सव्वाएकतीस इंच. मग जो तो मला विचारायचा, "काकू, माझे पाय पुरतील ना?" मी काय ज्योतिषी? एका साप्ताहिक सुट्टीला आमच्या ह्यांना कामाला लावलं. त्यांनी लोखंडी चार पाय केले, वरखाली सरकणारे, भोकाभोकांचे. वर लाकडी बैठक, तिच्यावर फोम आणि रेक्झिन. पुढे भंगारातल्या रिक्षाचं हँडल. हवी ती उंची लावा आणि बसा. जगात कुठल्याही गाडीची उंची माझ्या गाळ्यात, गाडी यायच्या आधी. मला तर नोबेल मिळाल्यासारखं झालं होतं.

आणि काय सांगू, त्या घोड्यावर मोठमोठी माणसं बसायला लागली. एकेकटी यायची, दुपारच्या वेळी, शटर अर्धं खाली घ्यायला लावून. हँडल धरून डोळे मिटायची. एक बँकेतले साहेब घशातून बारीक आवाज काढायचे, गिअर बदलला की आवाजही बदलायचे. निखिल म्हणाला, "काकू, समोर टेबल फॅन लावा ना." मी लावला. चार-पाच महिने मी जत्रेतला घोडा चालवला आणि मला वाटत होतं, मी विज्ञान करते आहे.

फक्त भोईरशेठ बसले नाहीत. "मी शेतान म्हशीवर बसलेला मानूस हाय वयनी. प्लायवूडच्या घोऱ्यावर बसून मना काय कलनार? बसन तं तांबरीवरच." माप मात्र देऊन गेले होते. गाइड धरून साडेअठ्ठावीस आलं. मला म्हणाले, "एकतीस लिवा." मी "हो" म्हटलं आणि साडेअठ्ठावीस लिहिलं.

सावंत आले एका मंगळवारी, मार्केट सुटल्यावर. इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, मुलगी बघायला निघाल्यासारखे. त्यांनीही गाइड धरलं. साडेअठ्ठावीस. टेप जुनी आहे का, असं त्यांनी विचारलं नाही. वजनामापाचा माणूस, आकड्याशी भांडला नाही. बूट दाराबाहेर नीट जोडीने ठेवले, मोज्यांवर आत आले आणि घोड्यावर बसले.

पाय टेकले नाहीत.

त्यांनी अंगठे खाली ताणले. अंगठे जमिनीपासून दोन बोटं वर राहिले. उजवीकडे सरकून पाहिलं, डावीकडे सरकून पाहिलं. मी उगाच टेबल फॅनचं बटण चाचपत राहिले. मिनिटभराने ते उतरले, रुमालाने रेक्झिन पुसलं आणि म्हणाले, "छान बनवलाय हो घोडा. तुमच्या साहेबांना सांगा."

"सावंत, मी फोम कापीन ना. इंचभर तरी खाली..."

"बघू या," म्हणाले, आणि बूट घालून गेले.

पुढच्या रविवारी टपरीवर त्यांनी जाहीर केलं, की त्यांनी बुकिंग रद्द केलं. कारण? पहिल्या खेपेच्या गाड्यांचा साइड स्टँड कच्चा असतो. परदेशातल्या लोकांच्या तक्रारी वाचल्या. पहिल्या खेपेची गाडी घेऊच नये. इतकं शांतपणे, आकड्यांसकट सांगितलं, की ग्रुपमधल्या आणखी दोघांनी तिथल्या तिथे फोन काढून आपली बुकिंगं रद्द केली. निखिलच्या तक्त्यात 'साइड स्टँड' नावाचा नवा रकाना आला. खरं कारण त्या सगळ्या जमावात मला एकटीला माहीत होतं, आणि माझं तोंड निळ्या वहीने बांधलेलं.

भोईरशेठ म्हणाले, "माजी रद्द होनार नाय. देवीला नारल बोललोय."

सावंत त्यानंतरही येत राहिले. पण ते मॉडेल सोडून बाकी सगळ्यांबद्दल बोलायचे. तांबडीचा विषय निघाला की चहाचे पैसे द्यायला उठायचे.

चार महिन्यांनी भोईरशेठची तांबडी आली. देवळासमोर पूजा. झेंडूचे हार, चाकाखाली लिंबं, शेठाणींच्या हातात ओवाळणीचं ताट, भोवती निम्मं गाव. शेठनी मला टेप घेऊन बोलावलं होतं, किती फोम कापायचा ते पाहायला. ते नवे बूट घालून, पाय कमरेएवढा उचलत, दोन पुतण्यांच्या खांद्याचा आधार घेत चढले. पुतणे बाजूला झाले. गाव श्वास धरून बघत होतं.

"वयनी, बगा. टेकला!"

मी वाकून पाहिलं. दोन्ही पायांचे चवडे जमिनीवर पक्के, टाचा फक्त जराशा वर. गाडी खांबासारखी स्थिर. शेठाणींनी ओवाळलं, गावाने टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. आणि टाळ्या वाजवता वाजवता मला वहीतला आकडा आठवला. साडेअठ्ठावीस. हेच माप. मग सावंतांचे पाय कसे नाही टेकले?

पेढा हातात तसाच घेऊन मी गाळ्यात आले आणि घोड्यासमोर बसले. उंची पुन्हा मोजली. सव्वाएकतीस, बरोबर. मग पहिल्यांदाच रुंदी मोजली. चौदा इंच. तांबडीची सीट पुढे जेमतेम माझ्या वितीएवढी. रुंद पाटावर पाय फाकतात, आणि फाकलेला पाय आखूड पडतो. हे कळायला शिक्षण लागत नाही, पाटावर बसलं तरी पुरे.

संध्याकाळी घरी ह्यांना विचारलं, "घोड्याची फळी कुठून आणली होती?"

"आपल्या जुन्या पलंगाची. शिसवी आहे, शेठ म्हणतात तसं प्लायवूड नाही."

"कापली का नाही?"

"लग्नातला पलंग. कापवेना," हे म्हणाले. आणि वर, "आणि गाडी माणूस बसला की इंचभर दबते, स्प्रिंगा असतात. हा घोडा कसला दबतोय? मला वाटलं, ते तू धरलं असशील हिशेबात."

मी धरलं नव्हतं. अजून एक धरलं नव्हतं, ते रात्रभर मला डाचत राहिलं. चपला बाहेर काढा. गाळ्यात देवाचा फोटो आहे, कटिंगच्या टेबलाशेजारी. बावीस वर्षांत पायताण घालून कुणी आत आलं नाही. बुटाचा तळ इंच-सव्वा इंच. मी माणसाचे बूट दाराबाहेर ठेवले, त्याला न दबणाऱ्या पलंगावर फाकून बसवलं आणि सांगितलं, तुझे पाय पुरत नाहीत. किती जण असे घोड्यावरून उतरून गुपचूप निघून गेले असतील, देव जाणे. पण सावंतांच्या शर्टाची ती इस्त्री डोळ्यांपुढून जाईना.

दुसऱ्या दिवशी मी कांदा-बटाटा मार्केटात गेले. गोण्यांच्या थप्प्या, कांद्याची सालं पायाखाली, आणि मधोमध काट्याशी सावंत. एक गोण चढली की ओरडायचे, उतरली की माझ्याशी बोलायचे.

"एकावन्न तीनशे! बोला ताई, इकडे कशा?"

"सावंत, माझा घोडा चुकलाय." मी फळी, दबणं, बूट, सगळं एका दमात सांगितलं.

"पन्नास आठशे! फळी रुंद आहे ते मला बसल्याबसल्या कळलं होतं."

"कळलं होतं? मग रद्द का केली?"

दोन गोण्या गेल्या. आकडे बोलून झाले. मग ते काट्याकडेच बघत म्हणाले, "ताई, अकरा वर्षं मी लोकांना सांगतोय कुठली घ्या. सगळे ऐकतात. उद्या मी माझी घेतली आणि टपरीसमोर, सगळ्यांच्या देखत, उभ्या उभ्या पडलो तर? मग कोण ऐकणार? घोडा चुकीचा होता. पण त्यावर बसल्यावर जी भीती वाटली ना, ती काय चुकीची नव्हती. एकोणपन्नास नऊशे!"

फोम कापून देईन, म्हटलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. आणखी चार महिने थांबावं लागेल, पण येईल, म्हटलं. हसले. मग मी बावीस वर्षांत कधी केलं नव्हतं ते केलं.

"सावंत, भोईरशेठचे काल दोन्ही पाय टेकले. चवडे पक्के. शेठचं माप किती आहे, ठाऊक आहे?"

"एकतीस. सगळ्या ग्रुपला सांगतो तो."

"साडेअठ्ठावीस."

काट्यावर गोण होती. सावंत वजन बोलले नाहीत. हमाल म्हणाला, "ओ सावंत, झोपले काय?" सावंतांचा चेहरा आधी ताणला, मग खांदे हलायला लागले, मग ते काट्याचा खांब धरून हसले. "भोईर? साडेअठ्ठावीस? मेल्यान एकतीस सांगल्यान होतां!" इतक्या वर्षांत त्यांची मालवणी मी पहिल्यांदा ऐकली.

"त्यांची गाडी टाचांपुरता फोम कापायला उद्या गाळ्यात येतेय," मी म्हटलं. "सीटवर कुणीतरी बसून दाखवायला हवं, आणि शेठ हळदीला जाणारेत. माझ्या वहीत त्या मापाचे तुम्ही एकटेच." शेठ हळदीला जाणार होते हे खरं होतं. बसून दाखवायला कुणी हवं होतं हे मात्र मी बनवलं.

सावंत आले. दारात सवयीने वाकून बुटाची नाडी सोडायला लागले.

"बूट राहू द्या. तसेच आत या."

त्यांनी देवाच्या फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान वळवून फोटोला मनातल्या मनात सांगितलं, आजच्या दिवस.

ते बसले. चवडे टेकले. त्यांनी गाडी साइड स्टँडवरून सरळ केली, एकदा डावीकडे कलती केली, एकदा उजवीकडे. चार गोणी कांदा, थोड्या कमी भरलेल्या, आणि त्या त्यांच्या मांड्यांमध्ये गप्प उभ्या. किती वेळ गेला कुणास ठाऊक, कारण एवढ्यात दारातून खाडीपलीकडे जाणारा आवाज आला.

"सावंत! उतरताव का भारा देताव?"

हळद लवकर आटोपली होती. भोईरशेठनी सावंतांच्या पायांकडे पाहिलं. मग आपल्या पायांकडे. मग हळूच माझ्याकडे.

"वयनी, माजा माप फोरला ना तुमी?"

बावीस वर्षांची अब्रू त्या एका आकड्यात गेली होती. सावंत उतरायचंच विसरले होते.

"फोरला तं फोरला," शेठ म्हणाले. "पन एक सांगतो. हा साडेअठ्ठावीस असन, तं मी एकोनतीस हाय. लिवा तसा." आणि किल्ली काढून सावंतांच्या हातात दिली. "जावा. शेवटच्या नाक्यापरयंत. परलात तं मी पन उद्या टपरीसमोर परतो, म्हंजे फिट्टमफाट."

सावंत पडले नाहीत. मी वहीत एकोणतीस लिहिलं. माझ्या वहीतली ती एकमेव खोटी नोंद.

पुढच्या रविवारी सावंतांनी टपरीवर सांगितलं, की साइड स्टँड पक्का आहे, त्यांचंच वाचायला चुकलं, आणि त्यांनी तांबडी पुन्हा बुक केली आहे. ज्या दोघांनी रद्द केली होती त्यांनी जे बोलायचं ते बोलून घेतलं आणि सावंतांच्या मागे पुन्हा रांगेत उभे राहिले. निखिलने रकाना पुसला. पुढचे चार महिने सावंतांनी तांबडीची अशी काही वाट पाहिली, की तिच्याशी तोलून बाकी जगातल्या सगळ्या गाड्या हलक्या निघाल्या.

घोड्याचं म्हणाल तर ह्यांनी शेवटी फळी कापली. तोंड फिरवून कापली. खाली दोन रिक्षाच्या स्प्रिंगा लावल्या. गाळ्यात आता फक्त घोड्यापर्यंत बूट चालतात. ज्यांची मापं वहीत होती त्यांना एकेक फोन करून पुन्हा बोलावलं. काही आले. काहींनी तोवर दुसरं काही घेतलं होतं, आणि ते म्हणाले, "जाऊ द्या काकू." ते 'जाऊ द्या' मला अजून जात नाही.

सावंतांची तांबडी आली, तशी ते देवळाआधी माझ्या गाळ्यासमोर आले. इंजिन बंद केलं. दोन्ही पाय रस्त्यावर, हाफ शर्टाची बाही वाऱ्याने फुगलेली. मी टेप, खडू आणि सुरी घेऊन तयार.

"सावंत, चहा सांगितलाय. उतरा, सीट काढू या."

"चहा इथेच द्या," ते म्हणाले.

दिला. त्यांनी गाडीवर बसूनच प्यायला, घोट घोट. ग्लास माझ्या हातात परत दिला, तरी उतरले नाहीत. टपरीवरून कुणीतरी ओरडलं, "सावंतसाहेब, पुढचं मॉडेल बघितलंत का? काल दाखवलं!"

अकरा वर्षांत पहिल्यांदाच सावंत म्हणाले, "नाही बुवा."

मी आत गेले आणि निळी वही उघडली. त्यांच्या नावापुढे, साडेअठ्ठावीसच्या पुढे, 'काम' ह्या रकान्यात लिहिलं: काही नाही. माझ्या हातून झालेलं इतकं चांगलं काम त्या वहीत दुसरं नाही.